साडेदहा ते सव्वाअकरा

बाबांच्या उत्तरकार्याला करावे गावातल्या घरी दीड-दोनशे माणसं जेवून गेली. कुणी न सांगता तांदूळ आणून टाकले, शेजारच्या बायांनी रात्री उशिरापर्यंत भांडी घासली, भजनवाल्यांनी पाकीट परत केलं. त्याच्या डोक्यात राहिलं ते एका नातेवाइकाचं, हात धुताधुता टाकलेलं वाक्य : "टायमावर नेला असता, त वाचला असता रं."

पुढचे आठ महिने तो तेच चघळत होता. रात्री दोनला जाग यायची आणि हिशेब सुरू. साडेदहाला 'छातीत दुखतंय' म्हणाले, सव्वाअकराला रिक्षा निघाली. अकराला निघालो असतो तर? पावणेअकराला? सकाळी सीवूड्स स्टेशनवर लोकल समोर यायची, दारं भरायची, निघून जायची. हा तिथेच उभा.

हा 'तो' म्हणजे मीच. असं का लिहितोय, ते पुढे येईल.

वाईट तेवढं धरून ठेवायची मनाची खोड जुनी. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली नाती, भावना, स्मरण अशा कितीतरी विषयांवरचं संशोधन चाळून निबंध लिहिला. 'वाईट हे चांगल्याहून बलवान' अशा अर्थाचं त्याचं शीर्षकच होतं. पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. बाबांचं आयुष्य खाडीत पाग टाकण्यात गेलं. पाटीभर कोलंबी कुठल्या वर्षी मिळाली ते त्यांना सांगता येत नसे. शिंगाळ्याचा काटा घुसला ती तळपायावरची जागा मात्र चाळीस वर्षांनंतरही बोट ठेवून दाखवत. चिखलात उतरणाऱ्याला हे परवडतं. निवट्या कुठे मिळाल्या ते विसरलं तर एक कालवण चुकतं, काटा विसरला तर पाय सुजतो.

बाबा आणखीही एक गोष्ट उगाळत. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, घेतल्या गेल्या, १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. या आठवणीला खोड म्हणायला जीभ रेटत नाही. विसरायला नकार देणाऱ्या माणसांमुळेच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. त्या उगाळण्यातून काहीतरी निघालं. माझ्या पंचेचाळीस मिनिटांतून काहीच निघत नव्हतं.

एकदा मध्यरात्री त्याने टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे ऐकत राहिली. ऐकून घेतलं जाणं हीही मोठी गोष्ट असते. नंतर कधीतरी ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचनात आलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं होतं. त्याआधी काहींनी स्वतःच्या धास्तीचा विचार 'मी' म्हणून करायचा, काहींनी स्वतःला नावाने हाक मारून. नाव घेणाऱ्यांची भाषणं बरी झालीच, शिवाय नंतर ते त्यावर कमी कुढत बसले.

वाचून आधी हसू आलं. गावात भजनाला बसणाऱ्याला यात नवीन काय? तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतंच. तुकोबांना प्रयोगशाळेत जुंपायची हौस मला नाही, पण स्वतःपासून दोन पावलं मागे सरून बोलायची ही सवय आपल्या कानांना आहे खरी.

त्याने शाळकरी वही घेतली. पहिल्या रात्री 'मी' लिहिलं. दीड पान भरलं आणि त्यात एकच गोष्ट : मी नेलं नाही. दुसऱ्या रात्री 'तो' लिहिलं, तेव्हा वेगळंच उतरलं. त्याने विचारलं, डॉक्टरकडे जाऊ या? बाबा म्हणाले, गॅस आहे, ओवा दे. त्याने ओवा दिला. दहा मिनिटांनी परत विचारलं, तर बाबा खेकसले. आई पाठीला तेल चोळत होती. कपाळावर घाम दिसला तसा तो अनवाणीच बाहेर पळाला. शेजारचा रिक्षावाला ताटावरून उठून आला, हात न धुता. रिक्षाच्या हँडलला सुकटीच्या कालवणाचा वास येत होता.

हा वास आठ महिने कुठे होता?

ओवा देणं ही चूकच होती, तेही वहीत आहे. छातीत दुखून घाम सुटला तर १०८ ला फोन करायचा, वाट बघायची नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. नातेवाइकाचं वाक्य खोटं होतं असंही त्याला म्हणता येत नाही. पण त्या पंचेचाळीस मिनिटांत आता माणसं दिसतात.

दोनला जाग अजून अधूनमधून येते. मग वही. परवा लिहायला बसला साडेदहाचं, आणि उतरली भलतीच सकाळ : ओहोटी, बाबा गुडघाभर चिखलात, तो सातवीत. निवटीमागे धावताना नवी चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. बाबांनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, मिळाली नाही, आणि घरी पोचेपर्यंत त्याला शिव्या घातल्या.