निदान

मराठीत 'निदान' हा शब्द दोन प्रकारे वावरतो. रोगाचे मूळ शोधणे हा त्याचा वैद्यकातला अर्थ. आणि 'निदान एवढे तरी' असे म्हणताना जी किमान अपेक्षा उरते, तो त्याचा घरगुती अर्थ. कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीकाठच्या बजबज या गावी राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एका मोटारसायकलपाशी येऊन मिळाले.

तेलाच्या टाक्यांच्या आणि तागगिरण्यांच्या या गावात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही ते तिथेच राहिले. मुलगा पुण्याला. पत्नीला जाऊन सव्वा वर्ष झालेले. आठवड्याचा एकच नेम उरला होता: रविवारी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने अछिपूरपर्यंत जायचे, तिथल्या जुन्या चिनी देवळापाशी थोडे थांबायचे आणि परतायचे. नेमकी रविवारीच गाडी रुसू लागली. कळ दाबली की आतून नुसती टकटक. नव्या घडणीच्या त्या गाडीला किक नव्हती, आणि असती तरी त्यांच्या गुडघ्यांना ती मानवली नसती. दहा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या झाल्या. दुकानदाराचे निदान दोन्ही वेळा एकच: बॅटरी खराब. मुलाचे निदान याहून दूरचे होते. तो फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाका आता. निदान रिक्षाने तरी जात जा."

जे निपचित पडले आहे त्याच्याच माथी दोष मारणे सोयीचे असते. दुकानदारच तसे करतात असेही नाही. याच बजबजला 29 सप्टेंबर 1914 रोजी 'कोमागाता मारू' जहाजावरून उतरलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. आणि पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने ठपका ठेवला तो मुख्यतः प्रवाशांच्या पुढाऱ्यावर. त्या प्रवाशांच्या स्मारकाचे गाव आपले म्हणवणाऱ्याने तरी बॅटरीला दोष देण्यापूर्वी थोडे थांबायला हवे होते.

थांबला तो एक वयस्क मिस्त्री. आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. त्यांची नावे त्याने ऐकली असण्याचा संभव नाही, पण त्याची रीत त्याच वळणाची होती. रात्रभर भारित करून ठेवलेली बॅटरी त्याने सकाळी मोजली: 12.7 व्होल्ट. म्हणजे ती धडधाकट. मग इंजिन चालू करून, वेग थोडा वाढवून पुन्हा मोजले: 14.2. म्हणजे वीज निर्माण होत होती, बॅटरीपर्यंत पोचतही होती. बहुतेकांची तपासणी इथे संपते आणि नवी बॅटरी विकली जाते. मिस्त्रीने किल्ली काढून घेतली, बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवली आणि तिच्या नि टोकाच्या मधे मीटर जोडला. झोपलेल्या गाडीत 45 मिलिअँपिअरचा प्रवाह वाहत होता. एखाद-दुसरा मिलिअँपिअर असता तर त्याने लक्षही दिले नसते. त्याने एकामागून एक सारे फ्यूज काढले. आकडा ढळला नाही. अर्थात गळती फ्यूजच्या अलीकडेच, थेट बॅटरीवरून होती. आसनाखालून निघालेली एक बारीक लाल तार टाकीच्या कडेने हँडलपर्यंत गेली होती. तिच्या टोकाला मोबाइल भारित करण्याचे छोटे यंत्र होते, आणि त्यात निळ्या आकड्यांचा एक दिवा. गाडीवर सदैव जाड आवरण असे. आतल्या काळोखात तो दिवा रात्रंदिवस जळत होता आणि कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हता.

हिशेब साधा आहे. 45 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला एक अँपिअर-तासाहून किंचित अधिक. 9 अँपिअर-तासांची बॅटरी आठ दिवसांत रिती व्हायची. इंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते. रविवारच्या अर्ध्या तासाने भर पडणार ती फार तर एका दिवसाच्या खर्चाएवढी. शिवाय रिती राहिलेल्या बॅटरीत पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि नवीही काही महिन्यांत म्हातारी होते.

"हे केव्हा बसवलंत, दादा?" मिस्त्रीने आपल्या बंगालीमिश्रित हिंदीत विचारले.

"दोन वर्षं झाली."

"आणि तेव्हा बॅटरी उतरत नव्हती?"

नव्हती. त्या दिवसांत पत्नी कोलकात्याच्या एका इस्पितळात होती आणि ते रोज जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर गाडी चालवीत. इस्पितळातून केव्हाही बोलावणे येईल, बाबांचा फोन वाटेत बंद पडू नये, म्हणून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने ते यंत्र बसवले होते. घाईत तार परस्पर बॅटरीलाच जोडली होती. गळती पहिल्या दिवसापासून तेवढीच होती. रोजची ती वाट तिला भरून काढीत होती. पाच महिन्यांनी एके दिवशी ती वाट संपली, गाडीवर आवरण पडले, आणि दिवा मात्र तसाच राहिला. कारणापासून रोग कसकसा घडत गेला याला वैद्य 'संप्राप्ती' म्हणतात. ती अशी, बॅटरीत कुठेच नव्हती.

गृहस्थांनी हे सारे तीन-चार वाक्यांत सांगितले. मिस्त्रीने पुढे काही विचारले नाही. पक्कड हातात घेऊन तो म्हणाला, "काढून टाकू?"

"नको," ते म्हणाले, "असू दे."

मग त्याने तार बॅटरीवरून सोडवली आणि किल्ली फिरवल्यावरच वीज येते त्या ओळीला जोडली. मीटर पुन्हा लावून पाहिला. काटकसरीचा तो एखादा मिलिअँपिअर उरला होता. पैसे मोजून घेताना त्याने बजावले: बॅटरी सावकाश, अँपिअरभर प्रवाहाने रात्रभर भारित करा, आणि रविवारी अछिपूरला थांबू नका, फलत्याच्या बाजूला तास-दीड तास पुढे जा.

संध्याकाळी त्यांनी गाडीवर आवरण घातले, दोऱ्या बांधल्या. घरात जाता जाता ते परत फिरले आणि हँडलपाशी आवरणाची कड उचलून त्यांनी आत पाहिले. अंधार होता.