नितळ पाण्याचा धडा

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यात पुतण्याकडे काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. मोटार तासन्‌तास धावते, तरी दोहों बाजूंस मका नि सोयाबीन ह्यांवाचून दुसरे काही दिसत नाही. माती काळीभोर. आमच्या बेळगावकडच्या शेतकऱ्याने मूठभर उचलून पाहावी अशी.

दे मॉईन ह्या राजधानीत रॅकून व दे मॉईन ह्या दोन नद्यांचा संगम आहे. काठावर उभे राहून आम्ही म्हणालो, "पाण्याच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान!" पुतण्या हसला नाही. त्याच वर्षी जून महिन्यात नदीच्या पाण्यात नायट्रेट इतके वाढले की, अंगणातील हिरवळीस पाणी घालण्याची शहरात बंदी करावी लागली. नायट्रेट काढून टाकणारी मोठी यंत्रसामग्री शहरापाशी आहे, तरीही शुद्ध पाणी मागणीस पुरेना.

हे नायट्रेट येते कोठून? शेतात घातलेल्या नत्रखतातून आणि जनावरांच्या शेणमुतातून. पिकास हवे तेवढे पीक घेते. उरलेले मातीस धरून राहत नाही, पावसाच्या पाण्यात विरघळून खाली उतरते. आयोवात निचऱ्यासाठी शेताखाली नळ पुरलेले आहेत. त्यांतून ते ओढ्यात व ओढ्यातून नदीत जाते. जेथे नळ नाहीत, तेथे ते विहिरीत झिरपते.

ह्याच राज्यात १९४५ साली हंटर कॉम्ली ह्या डॉक्टरांनी एक कोडे उलगडले. शेतकऱ्यांची तान्ही बालके निळी पडत. डॉक्टरांनी घरच्या विहिरींचे पाणी तपासविले. बाळाच्या वरच्या दुधात तेच पाणी मिसळले जाई, आणि त्यात नायट्रेट भरपूर होते. पोटात त्याचे नायट्राइट होते. ते रक्तात शिरले की, प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची शक्ती खुंटते. सहा महिन्यांखालील बालकास हा धोका सर्वांत अधिक.

"पण पाणी उकळले तर?" आम्ही विचारले.

"तर अधिकच वाईट, काका," पुतणसून म्हणाली. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जागच्या जागी राहते, आणि पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते.

हे ऐकून आमच्या काळजात चर्र झाले. घरी आमच्या सूनबाईंचे तीन महिन्यांचे लेकरू वरच्या दुधावर होते, आणि त्यासाठी पाणी रोज मोठ्या निष्ठेने उकळले जात होते.

गावी परतताच आम्ही विहिरीवर गेलो. पाणी काचेसारखे नितळ. परंतु एका अंगास उकिरडा, दुसऱ्या अंगास युरियावर पोसलेला ऊस! बाटली भरून प्रयोगशाळेत नेली. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्या देशाने ठरविलेली मर्यादा. आमचे पाणी तिच्या वर निघाले. त्या दिवसापासून बाळाचे पाणी तपासलेल्या दुसऱ्या विहिरीवरून येते, आणि उकिरडा दूर हलविला आहे. लेकरू सुखरूप आहे.

वाचकहो, नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. अंगावर पिणाऱ्या बालकास त्याचे भय सहसा नसते. पण वरचे दूध देणाऱ्या घराने विहिरीचे पाणी एकदा तरी तपासून घ्यावे. आणि बाळाचे ओठ, नखे निळसर दिसली, तर घरगुती उपायांत घटकाही न दवडता डॉक्टरांकडे धाव घ्यावी.