तेरा अंशांची थंडी

ह्यूस्टन आणि पानिपत ही दोन शहरं नकाशावर जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. मराठी माणसाला ही रेषा फारशी मानवत नाही, हे आपल्याला १७६१ पासून ठाऊक आहे. तरी छत्रपती संभाजीनगर सोडून इथे यायचं ठरलं, तेव्हा थंडीची धास्ती घरात कुणालाच नव्हती. मेक्सिकोच्या आखाताजवळचं शहर. मे ते सप्टेंबर अंगाला चिकटणारा दमट उन्हाळा आणि डिसेंबरातही बऱ्याचदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो. आईने बॅगेत घातलेली हिमरू शाल मंडळाच्या गणपतीत मिरवण्यापुरतीच बाहेर यायची.

म्हणून ध्रुवाकडची हवा इकडे सरकत असल्याचा अंदाज जाहीर झाला, की आधी कुणाचा विश्वास बसत नाही. बसला, की सगळे एकदम दुकानात. पाण्याच्या बाटल्या, पाव, दूध यांच्या फळ्या दुपारपर्यंत मोकळ्या होतात. आपल्या वाणसामानाच्या दुकानातली कणकेची पोतीही उरत नाहीत. टीव्हीवर चार गोष्टी सांभाळायला सांगतात : माणसं, पाळीव प्राणी, पाण्याचे पाइप आणि झाडं. शेजारी अंगणातल्या झाडांवर जुन्या चादरी घालतात. मराठी घरांत मात्र कढीपत्त्याच्या कुंडीचा मान पहिला. ती थेट दिवाणखान्यात येते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी आईला फोनवर म्हणालो, "आता इथं तेरा अंश होणार आहे." ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? आपल्याकडं सकाळी तेवढंच असतं." इथले तेरा फॅरनहाइटचे, म्हणजे आपले उणे साडेदहा. १६ फेब्रुवारीला ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर तेवढीच नोंद झाली. डॅलसच्या विमानतळावर तर उणे १९.

एकाच रेषेवर असूनही पानिपतला असलं काही होत नाही, कारण आपल्या डोक्यावर हिमालय आडवा आहे. सायबेरियाची थंडी तो पलीकडेच थोपवतो. आपल्याला मिळते ती पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतातून सरकल्यावर मागून वाहत येणारी गार हवा. तीही कधीकधी कडक असते. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, आणि मराठवाड्यातल्या शेकोट्या काही हौसेपोटी पेटत नाहीत. पण पाइपातलं पाणी गोठेल अशी वेळ येत नाही. अमेरिकेत रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण उभा आहे आणि त्याच्या पूर्वेला सगळं मैदान. उत्तर ध्रुव आणि टेक्सास यांच्यामध्ये काटेरी तारेचं कुंपण तेवढं आहे, असं इथले जुने लोक हसत हसत सांगतात. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला ध्रुवावरच्या वरच्या थरांतली हवा अचानक तापली, तिथल्या थंड हवेला कोंडून ठेवणारा वाऱ्यांचा भोवरा विस्कटला, आणि काही आठवड्यांनी ती थंडी कॅनडावरून थेट आखातापर्यंत घसरली.

तसं हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. १८९५ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमध्ये २० इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. २०११ मध्ये थंडीने वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा केंद्रीय यंत्रणांनी चौकशी करून थंडीपासून बचावाचे उपाय लेखी सुचवले होते. बहुतेकांनी ते कागदावरच ठेवले.

२०२१ चा अंदाज चुकला असता, तर कुणाला तरी दोष देता आला असता. पण तो बरोबर होता. गव्हर्नरांनी १२ फेब्रुवारीलाच राज्यातल्या सगळ्या २५४ काउंट्यांत आपत्ती जाहीर केली होती. १५ तारखेच्या पहाटे वीज जाऊ लागली. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या, म्हणून वीजकेंद्रांना वायू मिळेना. वीज तोडावी लागली, तेव्हा वायू ढकलणारी काही यंत्रंही बंद पडली, आणि वायू आणखी आटला. टेक्सासने आपली वीजजाळी देशापासून वेगळी ठेवलेली, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेता आली नाही. साडेचार मिनिटं आणखी गेली असती, तर सगळी जाळीच कोसळली असती, असं व्यवस्थापनाने नंतर सांगितलं. ४५ लाख घरं अंधारात गेली. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली.

उणे दहाला मिनेसोटात कुणी बातमी म्हणत नाही. तिथली घरं त्या थंडीसाठी बांधलेली असतात, जलवाहिन्या खोल पुरलेल्या असतात. ह्यूस्टनची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. पाण्याचे पाइप माळ्यावरून गेलेले, त्यांना आच्छादन जेमतेम. ते फुटले, छतं गळली, शहरातल्या पाण्याचा दाब पडला, आणि पाणी उकळून प्या असं फर्मान निघालं.

आमच्याकडे अंधार झाल्याचं कळताच आईचा पहिला प्रश्न होता, "पाणी भरून ठेवलंस का?" भरलं होतं. बाथटब, बादल्या, कुकरसुद्धा. नाथसागर जलाशय काठोकाठ भरलेला असला, तरी आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. त्या शहरात वाढलेल्या माणसाला पाणी भरायला हवामान खात्याने सांगावं लागत नाही. भारनियमनाच्या वर्षांनी मेणबत्त्यांची जागाही पाठ करून घेतलेली. शेजारच्या कुटुंबाला आम्ही दोन बादल्या दिल्या आणि गॅसच्या शेगडीवर केलेली गरम खिचडी. हिमरूची शाल त्या रात्री खरंच पांघरली. देखणी आहे, पण उणे दहाला पुरत नाही.

यावरून आपली गैरसोय बरी, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपण पिंपं भरतो, कारण महापालिकेचं काम आपण अंगावर घेतलं आहे. टेक्सासने निदान पुढचं पाऊल टाकलं. २०२१ मध्येच कायदा करून वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली. २१ जानेवारी २०२५ ला आखाताच्या काठावर पुन्हा बर्फ पडला. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच. ह्यूस्टनचे दोन्ही विमानतळ बंद राहिले, पण या वेळी राज्याची वीजजाळी टिकली. जे २०११ च्या इशाऱ्यानंतर व्हायला हवं होतं, ते २४६ जीव गेल्यावर झालं.

तुमची मुलं ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनला निघाली असतील, तर लोणच्याच्या बरण्यांबरोबर दोन गोष्टी सांगून पाठवा. नव्या घरात गेल्या गेल्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून ठेवायचं. आणि कितीही गारठलं, तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवायची नाही. २०२१ मध्ये या शहरात कार्बन मोनॉक्साइडने घरातल्या घरात माणसं मेली. हा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो ह्यूस्टन नि आपल्या शहरातला गारखेडा असा भेद करत नाही. तेव्हा शेगडीचं तेवढं तुम्हीही पाळा.