सक्तीचे अपडेट आणि घाटकोपरवरची उतरण

घाटकोपरच्या दाट वस्तीवरून खाली येत मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर टेकणारे एअरबस ए३२० निओ उपनगरांतल्या रहिवाशांच्या रोजच्या पाहण्यातले असते, आणि तीच उतरण घरच्या संगणकावर हुबेहूब साधावी हा सिम्युलेटर, म्हणजे विमानचालनाचा आभासी खेळ, मन लावून खेळणाऱ्यांचा ध्यास असतो. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मधले मूळ ए३२० निओ त्या मानाने ढोबळ होते, म्हणून अनेकांनी ‘फ्लायबायवायर’ या स्वयंसेवी गटाने विनामूल्य दिलेली सुधारित आवृत्ती स्वीकारली. मूळ निर्मात्याखेरीज इतरांनी केलेल्या अशा जोडणीला अ‍ॅडऑन म्हणतात.

अडचण येते ती अपडेटच्या दिवशी. नवी आवृत्ती उतरवून घेतल्याशिवाय हा खेळ सुरूच होत नाही, आणि या सक्तीला तांत्रिक कारण आहे: पृथ्वीच्या पृष्ठभागाचे २ पेटाबाइटहून अधिक, म्हणजे वीस लाख गिगाबाइटांच्या वरचे चित्रण कोणाच्याही घरच्या संगणकात मावणारे नसल्याने ते उड्डाण चालू असतानाच सर्व्हरवरून येत राहते, त्यामुळे दोन्ही टोकांचा मेळ राखावा लागतो. २७ जुलै २०२१ रोजी, खेळ एक्सबॉक्सवर आला त्याच दिवशी, पाचव्या सिम अपडेटने मेमरीचा वापर घटवून वेग बराच वाढवला. मात्र त्याच फेरबदलात कित्येक अ‍ॅडऑन निकामी झाले.

बिघाडाचे रूप फसवे असते. कधी खेळ लोड होता होता मध्येच थबकतो, कधी विमान उभे राहते पण कॉकपिटचे पडदे काळेच राहतात, तर कधी विमानतळाच्या एकाच जागी दोन इमारती एकमेकींत घुसलेल्या दिसतात, आणि नवखा खेळाडू घाईघाईने सगळा खेळ पुसून पुन्हा उतरवायला घेतो, ज्यात रात्र जाते आणि बहुधा हाती काही लागत नाही. जाणकार मात्र अ‍ॅडऑन ज्यात राहतात ते ‘कम्युनिटी’ फोल्डर अपडेटपूर्वीच बाजूला काढून ठेवतो, मूळ खेळ एकटा नीट चालतो याची खात्री करतो, मग निम्मे अ‍ॅडऑन परत ठेवून पाहतो. बिघाड परतला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत, असे निम्म्याचे निम्मे करत गेल्यास पन्नासांतला एक दोषी अ‍ॅडऑन सहा फेऱ्यांत सापडतो. अ‍ॅडऑन दुसऱ्याच ठिकाणी साठवून कम्युनिटी फोल्डरमध्ये त्यांचे नुसते दुवे ठेवण्याची पद्धत याहून सोयीची, कारण त्यात फायली हलवाव्या लागत नाहीत.

‘एक्स-प्लेन’ या प्रतिस्पर्धी खेळाची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जपून नवी तपासता येते, आणि खेळाडूला इतकी मोकळीक मिळायलाच हवी. ती नसेल तिथे अ‍ॅडऑन दुरुस्त होऊन येईपर्यंत धीर धरावा, कारण दुरुस्ती करणारे बहुतेकदा नोकरीधंदा सांभाळून रात्री बसणारे असतात. त्यांना बिघाड कळवताना खेळाची आवृत्ती, अ‍ॅडऑनची आवृत्ती आणि नेमके काय केल्यावर काय झाले, एवढे तरी वाचकाने न विसरता लिहावे.