मिटणारे डोळे

मोटारीच्या दिव्यांना पापण्या असाव्यात ही कल्पना ज्यास प्रथम सुचली तो गृहस्थ रसिक असला पाहिजे. १९३६ सालच्या अमेरिकन कॉर्ड ८१० या मोटारींत हे दिवे चालकानें दांडा फिरवून हातानेंच वर काढावयाचे असत. त्यामुळें बिघडण्यास विजेचें कांहीं कारणच नव्हतें. पुढें हें काम विजेकडे गेलें. १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी लोकांपुढें आली, तेव्हां बटण दाबतांच दोन्ही डोळे उघडावेत याचें कोणास नवल उरलें नव्हतें. १९९८ च्या आवृत्तींत तिचे दिवे कायमचे उघडे झाले, आणि २००४ मध्यें कॉर्व्हेट व लोटस एस्प्रि यांच्या त्या पिढ्या संपल्यावर ही हौस जवळजवळ मावळलीच.

आमची गाडी त्या पहिल्या, पापण्यांच्या पिढीची. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. तीस वर्षें तें चाखल्यावर गाडीचा उजवा डोळा उघडेनासा झाला. एका डोळ्यानें भागवावें, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या घराकडे येणारा रस्ता अरुंद, दुतर्फा कुंपणांचा आणि दिव्यांवांचून आहे. येथें गाड्या डाव्या बाजूनें चालतात. तेव्हां उजवा दिवा नसला, कीं समोरून येणारा आम्हांस कुंपणालगत चाललेली मोटारसायकल समजणार आणि आमचा अर्धा रस्ता आपला मानणार!

एका गॅरेजवाल्यानें नवी मोटर बसवा, असा सल्ला उभ्या उभ्याच दिला. आम्हांला तो पटला नाहीं. ज्या वैद्याच्या दुकानांत एकच चूर्ण आहे, त्याला सर्वांस तोच रोग दिसावा हें साहजिक आहे.

या यंत्राची घडण मोठी समजूतदार आहे. दोन्ही दिव्यांना स्वतंत्र मोटर आहे. ती एकाच दिशेनें फिरते. अर्ध्या फेऱ्यांत दिवा वर येतो, उरलेल्या अर्ध्यांत खालीं जातो, आणि प्रत्येक टोकाशीं आंतील संपर्क तुटून ती थांबते. दिवा पेटविणारी वीज व दिवा उचलणारी वीज यांच्या वाटा निराळ्या. डावा दिवा बिनतक्रार उठत होता. अर्थात् दोघांना समाईक असलेला फ्यूज आणि बटण यांवर संशय घेण्याचें कारण नव्हतें. बॉनेटखालीं मोटरवर रबरी टोपीखालीं एक मूठ असते. आधीं फ्यूज काढावा, कारण मध्येंच जागी झालेली मोटर बोटांची गय करीत नाहीं. मूठ फिरवितां दिवा सहज वर आला. म्हणजे सांधे जखडले नव्हते.

फ्यूज पुन्हां बसवून मोटरचा प्लग सोडविला व बटण दाबून तेथें मीटर लावला, तर पुरे १२ व्होल्ट! गॅरेजवाल्याचा निकाल येथेंच लागला असता. वीज येते आणि मोटर फिरत नाहीं, तर मोटरच मेली. पण मीटर विजेपाशीं फारसें कांहीं मागत नाहीं. हात पसरीपर्यंत जो तो श्रीमंतच असतो. तारेचेंही तसेंच आहे. कीट चढलेला सांधा मीटरची क्षुल्लक गरज भागवितो, आणि मोटर आपला वांटा मागूं लागली कीं हात वर करतो. म्हणून प्लग जोडून, बटण दाबीत असतांनाच मोजावें लागतें. मोटरची अर्थिंगची तार आणि बॅटरीचें ऋण टोक यांमध्यें आम्हीं मोजलें. तेथें जवळजवळ शून्य दिसावयास हवें होतें. दिसले ४ व्होल्टांहून अधिक. मोटरच्या तोंडचा घास परतीच्या वाटेवरच गिळला जात होता.

दिव्यामागें पत्र्यास ती तार एका बोल्टानें आवळलेली होती. बोल्ट काढला, तों तांब्यावर हिरवें कीट आणि पत्र्यावर तांबडा गंज. काचकागदानें दोन्ही घांसून लख्ख केलीं, पुन्हां आवळलीं, आणि वरून ग्रीस चोपडलें. खर्च एका काचकागदाचा, आणि हिवाळी दुपारच्या थंडीचा.

उजवा दिवा आतां उठतो. मात्र डाव्याच्या किंचित् मागून, झोपमोड झालेल्या माणसासारखा. मोटरच्या पेटींतील जुनें ग्रीस घट्ट झालें असावें; ती पेटी उन्हाळ्यांत उघडूं.