भीमूचं वजन

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आहे? आणि किती जण रोज आई-बाबांकडे ‘पिल्लू आणूया ना!’ म्हणून हट्ट करतात? दोघांनाही आज माझ्या भीमूची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट सांगताना मला थोडी लाजही वाटणार आहे, कारण त्यातली मोठी चूक माझीच आहे.

१९९६ सालचा मे महिना. मी सहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. आम्ही बदलापूरला राहायचो. बाबांच्या एका मित्राचं उल्हासनगरच्या बाजारात फर्निचरचं दुकान होतं. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. त्यांच्याकडच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक काळंभोर पिल्लू आमच्याकडे आलं आणि त्याची बहीण अंबरनाथला, माझ्या आत्याकडे गेली. तिचं नाव राणी. आमच्या पिल्लाचा पंजा एवढा जाडजूड होता, की आजी म्हणाली, “हा तर भीमच!” झालं, भीमू हे नाव पक्कं.

पिल्लू आणायला गेलो तेव्हा एक गोष्ट दिसली होती. पिल्लांचा बाप दुकानाच्या दारात बसला होता. उठताना तो पुढच्या पायांवर जोर देऊन, एखाद्या म्हाताऱ्यासारखा उठला. त्याचं वय होतं फक्त चार वर्षं. आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

दर रविवारी मी भीमूला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे न्यायचो. धान्याच्या पोत्यांचा मोठा वजनकाटा होता ना, त्यावर त्याला बसवायचो! वजन वहीत लिहायचं आणि आत्येभावाला ऐकवायचं. राणी नेहमीच मागे. “तुम्ही तिला उपाशी ठेवता,” असं मी त्याला चिडवायचो. भीमूला मात्र दूध-भात, अंडी, चपात्या, शिवाय माझ्या ताटातलं गुपचूप दिलेलं वेगळंच. कुणीतरी सांगितलं, की मोठ्या जातीच्या पिल्लाला हाडांसाठी कॅल्शियम हवं. मग औषधाच्या दुकानातून बाटली आली. एक चमचा सांगितला होता, मी दोन द्यायचो. लवकर मोठा व्हायला हवा ना!

ऑगस्टमध्ये भीमू पाच महिन्यांचा झाला. वजन २४ किलो! राणी होती १६ किलोची. मी खूश. आणि त्याच आठवड्यात भीमू लंगडायला लागला.

आधी वाटलं, पावसात ओल्या लादीवर घसरला असेल. आजीने हळद-तेल चोळलं. शेजारचे एक काका म्हणाले, “आपली दुखण्याची गोळी द्या अर्धी.” आईने ठाम नकार दिला. बरं झालं! माणसांच्या कित्येक गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या ठरतात, हे मला पुढे कळलं. दोन आठवडे गेले. भीमू पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा. जिना चढायला नकार. उठताना कण्हायचा. तेव्हा मला दुकानाच्या दारातला तो त्याचा बाप आठवला.

अंकलना कळलं तेव्हा ते आमच्याकडे आले. मनाने फार चांगला माणूस. म्हणाले, “बेटा, ये वापस दे दो. दूसरा अच्छावाला पिल्ला ला के दूँगा.”

आमच्या गावाच्या नावाची एक गोष्ट सांगतात. जुन्या काळी सैन्याचे दमलेले घोडे इथे बदलत, म्हणून हे बदलापूर. मला तीच गोष्ट आठवली आणि रडूच फुटलं. घोडे बदलत असतील, पण भीमू कसा बदलायचा? मी त्याला घट्ट धरून बसलो. अंकल थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठीक है. कल मेरा टेम्पो परेल जा रहा है.”

दुसऱ्या दिवशी दोन कपाटांच्या मध्ये बसून आम्ही मुंबईला निघालो. परळचा जनावरांचा दवाखाना तुम्ही ऐकला असेल. नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पण सगळे त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. तिथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झालं.

डॉक्टरांनी भीमूचा एक्स-रे काढला आणि मला जवळ बोलावलं. “शाळेत उखळीचा सांधा शिकलास का? मांडीच्या हाडाचा गोल डोका कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतो. याची वाटी उथळ आहे, त्यामुळे हाड नीट बसत नाही, हलतं आणि घासतं.” या विकाराला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. तो बऱ्याच अंशी आई-बापाकडून येतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत जास्त दिसतो. जन्मताना पिल्लाचे सांधे बरे दिसतात, वाढताना बिघडतात.

“मग माझी काही चूक नाही ना?” मी विचारलं.

डॉक्टरांनी माझी वही पाहिली आणि हसले नाहीत. म्हणाले, “दोष तू दिला नाहीस. पण कोवळ्या सांध्यावर एवढं ओझं तू ठेवलंस.”

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही.

पुढे मोठा झाल्यावर मी याबद्दल वाचलं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या भावंडांच्या जोड्या केल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचे सांधे कितीतरी चांगले राहिले. शिवाय ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली! आमचे भीमू आणि राणी म्हणजे अशीच एक जोडी. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण राणी कधीच लंगडली नाही, हेही खरं. कॅल्शियमचंही तसंच. नेदरलँड्समध्ये ग्रेट डेन पिल्लांवर अभ्यास झाला. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही आणि त्याने हाडं उलट बिघडतात, असं त्यात दिसलं.

मग आमच्या घरी सगळंच बदललं. बाटली बंद. जेवण वाटीने मोजून. लादीवर गोणपाट अंथरली. जिना बंद, उड्या बंद. रोज थोडं थोडं मऊ गवतावर फिरणं. रविवारी वजनकाटा होताच, पण आता काटा पुढे सरकला नाही, की मी खूश! वाणीदादा म्हणायचे, “आता उलटी शर्यत का रे?”

भीमूची वाटी काही खोल झाली नाही. थंडीत तो थोडा लंगडायचाच. पण तो अकरा वर्षं जगला आणि शेवटपर्यंत दारात येऊन शेपूट हलवायचा.

आज बदलापूर-अंबरनाथला नव्या इमारतींमध्ये मोठ्या जातींची पिल्लं खूप दिसतात. घरात गुळगुळीत फरशा आणि पिल्लू गुबगुबीत! म्हणून सांगतो. पिल्लू आणण्याआधी त्याचे आई-बाबा चालताना, उठताना बघा. त्यांच्या सांध्यांचा एक्स-रे काढलाय का, ते विचारा. हाताने चाचपल्यावर बरगड्या लागायला हव्यात. मोठ्या पिल्लाची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर घाई नको. आणि पाय लंगडला तर घरचे उपाय न करता त्याला पशुवैद्याकडे न्या.

माझी ती वही अजून आहे. पहिल्या पानांवर आकडे झरझर वाढत जातात आणि ऑगस्टच्या पानाजवळ शाई जराशी फुटली आहे. ती पावसाने नाही, एवढंच सांगतो.

मग, आज तुमच्या पिल्लाला किती वाढणार? मोजून ना?