जहाजगढच्या वाटेवर

झज्जर जिल्ह्यात, बेरीच्या बाजूला, जहाजगढ नावाचं गाव आहे. गुडगावच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की हरयाणाचं सपाट रान सुरू होतं. थंडीच्या दिवसांत मोहरी फुललेली असते आणि सकाळचं धुकं तिच्यावरून उठता उठत नाही. मधूनच वीटभट्टीचं धुराडं, खाटेवर हुक्का घेऊन बसलेली म्हातारी मंडळी, रस्त्यावर खुशाल आडव्या उभ्या म्हशी. समुद्र इथून कितीतरी दूर, आणि गावाला नाव मात्र जहाजाचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश माणसाने इथे किल्ला बांधला, त्याला स्वतःचं नाव दिलं, आणि जॉर्जगढचं लोकांच्या तोंडी जहाजगढ झालं. झज्जरचा मुलूख त्याला दिला होता एका मराठी सरदाराने, अप्पा खंडेरावांनी.

दिल्लीतल्या मराठी घरात पाहुणे आले की एक दिवस पानिपतासाठी राखलेला असतो. काला आंबच्या स्मारकापाशी आपण उभे राहतो, गळा दाटून येतो, आणि परततो. ते योग्यच आहे. पण १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी आपल्या मनातली दिल्लीची वाट संपते, आणि हे मला फार दिवस सलत आलं आहे. पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे दिल्लीत परतले होते. जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम बादशहा आपल्या राजधानीत शिरला तो मराठी फौजेच्या आधाराने. १७८४ मध्ये महादजी शिंदे बादशाहीचे वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले. १७८८ च्या ऑगस्टात गुलाम कादिराने लाल किल्ल्यात बादशहाचे डोळे काढले, तेव्हा किल्ला सोडवायला महादजींचीच माणसं आली. तिथून १८०३ पर्यंत त्या आंधळ्या बादशहाचा सांभाळ आणि दिल्लीचा बंदोबस्त शिंद्यांकडे होता. आज ज्याला आपण एनसीआर म्हणतो, त्या झज्जर, रेवाडी, मेरठ, गुडगावच्या मातीत मराठी सरदारांच्या छावण्या पडल्या, वसुल्या झाल्या, भांडणं झाली, माणसं मेली. हे सगळं पानिपताएवढंच आपलं आहे.

थॉमस टिपेररीचा. तो जन्मला तेव्हाचं आयर्लंड डोळ्यांपुढे आणलं तर त्याचं इथवर येणं समजतं. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडने ते बेट टप्प्याटप्प्याने जिंकलं. अल्स्टरमध्ये बाहेरचे वसाहतवाले आणून बसवले, क्रॉमवेलच्या स्वारीनंतर जमिनी काढून घेतल्या. १६४१ मध्ये आयर्लंडमधल्या जमिनीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास कॅथलिक मालकांकडे होती. १७०३ पर्यंत ती चौदा टक्क्यांवर आली. तिथल्या गरीब कुळाच्या पोराला मग समुद्र तरी उरत होता. थॉमस खलाशी म्हणून मद्रासला उतरला, जहाज सोडून पळाला, आणि दक्खनेतून वर सरकत १७८७ च्या सुमारास दिल्लीला पोचला. इथे त्याला आसरा दिला बेगम समरूने. तिची मुख्य जहागीर मेरठजवळच्या सरधन्याची. बादशाहपूर-झाडसा हा आज गुडगावात मोडणारा भागही तिचाच. चांदणी चौकातली तिची हवेली आता भगीरथ पॅलेस म्हणून विजेच्या सामानाच्या बाजारात बुडून गेली आहे. तारांची भेंडोळी खांद्यावर घेऊन हमाल जिन्यावरून उतरतात, आणि वर पाहिलं तर तिचे जुने खांब अजून भार पेलत असतात.

बेगमेशी बिनसल्यावर १७९३ मध्ये थॉमस अप्पा खंडेरावांच्या चाकरीत आला. अप्पा हे महादजींच्या पदरचे सरदार, आणि त्या काळच्या सगळ्याच सरदारांसारखे पैशाच्या ओढाताणीत अडकलेले. वसूल यायचा नाही, शिपायांचे पगार थकायचे, आणि पगार थकला की फौज सरदारालाच घेरून बसायची. अशाच एका बंडातून थॉमसने अप्पांना सोडवून आणलं. अप्पांनी त्याला मुलगा मानलं. पुढे याच अप्पांनी त्याच्याशी कपटही केलं, पैसे अडवले, पुन्हा जवळही केलं. १७९७ मध्ये असाध्य दुखण्याला कंटाळून त्यांनी यमुनेत देह टाकला.

मी यमुनेवरचे पूल ओलांडतो तेव्हा ही नदी मला अप्पांची वाटते. घाटावरून ती पाहिली की फेसाचे पांढरे पुंजके, मधेच बगळा, पैलतीराला भाजीचे वाफे. एक मराठी माणूस या पाण्यात आपणहून उतरला. मागे त्याचे पुतणे वामनराव होते, थकलेले हिशोब होते, आणि एक परका मुलगा होता. त्या मुलाने, थॉमसने, थोड्याच दिवसांत हांसीचा पडका किल्ला सावरला, तोफा ओतल्या, स्वतःच्या नावाने रुपये पाडले आणि तो राजा होऊन बसला. साल १७९८. त्याच साली त्याच्या मायदेशात इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला आणि चिरडला गेला. थॉमसला ती बातमी कधी कळली असेल, कळली तेव्हा हांसीच्या बुरुजावर बसून त्याला काय वाटलं असेल, हे कुठल्याच कागदात मला सापडलेलं नाही. पण मी त्याचा विचार करतो.

१ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट संपली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने लुई बुर्किनला थॉमसवर पाठवलं. जॉर्जगढापाशी घनघोर लढाई झाली. दिवस कोणाचाच झाला नाही, पण थॉमसचा जिवाभावाचा साथीदार हॉपकिन्स तिथे पडला. थॉमस खचला, दारूत बुडाला, अखेर हांसीला पळाला, आणि वर्ष सरताना त्याचं राज्यही सरलं. त्याला मारलं नाही, इंग्रजांच्या हद्दीत जाऊ दिलं. १८०२ च्या ऑगस्टात, घरी जायच्या वाटेवर, बंगालमध्ये बहरमपूरला तो वारला.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते विल्यम फ्रँकलिन नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यामुळे. मरण्यापूर्वी काही महिने थॉमस त्याला भेटला आणि आपली हकिकत सांगत बसला. फ्रँकलिनने नोंदवलं आहे की थॉमसने ती फारसीत सांगायची तयारी दाखवली, कारण इतक्या वर्षांत इंग्रजीपेक्षा फारसीच त्याला जवळची झाली होती. १८०३ मध्ये कलकत्त्याला पुस्तक छापून निघालं. हांसीला वेढा घालणाऱ्यांत जेम्स स्किनर होता. काश्मिरी गेटचं सेंट जेम्स चर्च बांधणारा तोच. त्याच्याही आठवणी मूळ फारसीतल्या, त्या फ्रेझरने १८५१ मध्ये इंग्रजीत आणल्या. म्हणजे हरणाराही बोलला आणि जिंकणाराही बोलला. माझे अप्पा मात्र मला भेटतात ते परक्याच्या पुस्तकात, परक्याच्या नजरेने. कधी लबाड, कधी प्रेमळ. त्यांचा स्वतःचा आवाज मला तिथे ऐकू येत नाही, आणि त्याचं मला खरोखर दुःख होतं.

आयर्लंडच्या इतिहासकारांना हे दुःख आपल्याहून जास्त कळेल. जेम्स अँथनी फ्रूड या इंग्रजाने १८७० च्या दशकात आयरिश लोकांवर तुच्छतेने भरलेला इतिहास लिहिला, आणि डब्लिनच्या लेकी नावाच्या इतिहासकाराने कागद समोर ठेवून, आवाज न चढवता त्याला उत्तर दिलं. आपल्याकडे ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासाला नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तरुणपणीच असं उत्तर दिलं होतं, लेकीच्याही आधी. पण पुढे आयर्लंडवर जो घाला आला तो आपल्यावर आला नाही. जून १९२२ मध्ये, यादवीच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत भस्म झाला. शतकानुशतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. तिथले दप्तरदार हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्येच त्या दप्तराची मार्गदर्शक सूची छापली होती. तीन वर्षांत ती सूची गेलेल्या कागदांची यादी झाली. तरी त्यांच्या इतिहासकारांनी हात टेकले नाहीत. मूडी आणि एडवर्ड्स या दोघा तरुणांनी १९३८ मध्ये इतिहासाचं नियतकालिक सुरू केलं आणि उरलेल्या कागदांवर घासूनपुसून काम केलं. अलीकडे जगभरच्या नकला गोळा करून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा केला गेला आहे. हे वाचताना मी भारावून जातो.

आपलं दप्तर जळलं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे सुमारे पस्तीस हजार रुमाल, बहुतेक मोडीत, धूळ खात सुरक्षित राहिले. ते आपल्या अभ्यासकांना खुले व्हायला मात्र १९२९-३० उजाडावं लागलं. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या डोंगरातून वेचून पंचेचाळीस खंड काढले, तेही चार-पाच वर्षांत, पासष्टी उलटलेली असताना. त्यांच्या पाठीशी उभे होते जदुनाथ सरकार. एक कामशेतचा, दुसरा बंगालचा. एकाच्या हाती मोडी, दुसऱ्याच्या हाती फारसी. दोघांनाही कळून चुकलं होतं की दिल्लीचं अठरावं शतक एकाच भाषेत वाचलं तर अर्धंच दिसतं. दिल्लीत हिंगण्यांसारखे मराठी वकील दरबारात बसून मोडीत बातमीपत्रं लिहीत होते, आणि तोच प्रसंग बादशाही अखबारनवीस फारसीत लिहीत होता. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय तारीखसुद्धा पक्की होत नाही. अर्धशतकभर दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली, तारखा विचारल्या, चुका दाखवल्या. सरकार कामशेतला येऊन राहत. दोघांच्याही वाट्याला पुत्रशोक आला आणि दोघेही पुन्हा टेबलापाशी जाऊन बसले. १९३२ ते १९५० या काळात सरकारांचे मोगल साम्राज्याच्या पतनाचे चार खंड निघाले, आणि त्यांतला शेवटचा थेट १८०३ पर्यंत येतो.

पुण्यातल्या अनेकांना सरकार रुचले नाहीत. ते फारसीला झुकतात, मराठ्यांवर कठोर होतात, असा राग होता, आणि त्यात तथ्यही होतं. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर लिहिलं ते वेगळ्याच बाजूने, मराठ्यांचा हेतू समजून घेत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला नसता, भारत इतिहास संशोधक मंडळाने गावोगावचे कागद वाचवले नसते, तर सरकारांना तरी काय वाचायला मिळालं असतं? तरीही माझं मन सरदेसायांकडे जातं. आपल्या माणसांवर जीव असताना परक्याचा कागद तितक्याच आदराने वाचणं, हे फार कठीण काम त्यांनी केलं. अप्पा खंडेरावांना न्याय मिळेल तो अशाच वाचनातून.

या सगळ्याचा शेवटही एनसीआरमध्येच झाला. थॉमसला हरवणारा तोच बुर्किन ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा सेनापती होता. समोर इंग्रजांचा जनरल लेक. बुर्किन हरला, आणि काही दिवसांत लेक शाहआलमपुढे उभा राहिला. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ क्लबच्या आवारात आहे, हिरवळीच्या कडेला, झाडीत. तो लेकच्या विजयाचा आहे. पलीकडे मेट्रो धावते, टोलेजंग इमारतींच्या गच्च्यांवर कपडे वाळत असतात. त्या दिवशी यमुनेच्या काठी पडलेल्या शिंद्यांच्या शिपायांसाठी तिथे काही लिहिलेलं नाही.

दगड कोणी उभारायचा हा सरकारचा प्रश्न आहे. कागद मात्र आपल्या हातात आहेत. सातारा, नाशिक, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या कितीतरी घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी माळ्यावर आहेत. शिंद्यांच्या लष्कराबरोबर उत्तरेत गेलेल्या एखाद्या पूर्वजाचा हिशोब, एखादं खुशालीचं पत्र, झज्जरच्या वसुलीची यादी त्यांत असू शकते. ती गाठोडी नदीत सोडू नका, रद्दीत घालू नका. जवळच्या इतिहास मंडळात न्या, त्यांची छायाचित्रं काढू द्या, हवं तर मूळ कागद घरी परत आणा. आणि घरात एखादं मूल इतिहासाकडे वळलं असेल, तर त्याला मोडीबरोबर फारसीही शिकवा.